आधी यडूर, मग खिद्रापूर

सकाळी बेळगावच्या बसस्टँडवर निपाणीच्या गाडीत बसले तेव्हा माझ्या पिशवीत पाण्याच्या बाटल्या होत्या, थोडी बेळगावची मिठाई, कुंदा, होती, आणि डोक्यात सगळा दिवस पक्का बसलेला होता. आधी खिद्रापूर, मग यडूर, आणि दिवेलागणीच्या आत निपाणीला परत. खिद्रापूरचं कोपेश्वराचं देऊळ पूर्वाभिमुख आहे. सकाळचं ऊन दारातून सरळ आत जातं, म्हणून ते आधी. यडूरला फक्त नंदी बघायचा, त्याला ऊन कसलंही चालतं.

बेत आखणं हे माझं जुनं दुखणं आहे. मी खडेबाजारातल्या एका साड्यांच्या दुकानात हिशेबाला बसते. दुकानाला मंगळवारी सुट्टी. त्या एका दिवसात मी इतकं काही बसवू बघते, की आमच्या घरी म्हणतात, हिला वर जायचं झालं तरी ही आधी गाडीची चौकशी करील. म्हणू देत. बेत न आखणाऱ्या माणसांचं पुढं काय होतं तेही मी पाहिलंय. ती आयुष्यभर ‘जाऊया की कधीतरी’ म्हणत घरात बसतात.

माझी थोरली बहीण त्यातलीच. तिला मी आक्का म्हणते. आमचं गाव बेळगावजवळच्या मच्छ्याच्या पलीकडं, शेतीवाडीचं. तिथून लग्न होऊन आक्का निपाणीला गेली आणि सासरी पाऊल ठेवलं त्या वर्षीपासून चटईवर बिड्या वळायला बसली. मांडीवर सूप, सुपात तंबाखू आणि पानं, हातात कात्री. उमेदीची सगळी वर्षं त्या चटईवर गेली. कधीतरी दत्तवाडकडची एक बाई शेजारी बिड्या वळत बसायची. तिनं आक्काला सांगितलं, की खिद्रापूरच्या देवळाच्या छताला एक मोठं गोल भोक आहे. पडलेलं नाही, मुद्दाम ठेवलेलं. खाली उभं राहिलं की वर आभाळ.

आक्काला ती थट्टा वाटली होती. “आम्ही पत्र्याची भोकं डांबरानं बुजवतोय, आन् त्येनी बांधतानाच भोक ठेवलंय व्हय!” असं म्हणून ती हसायची. पण ते भोक तिच्या मनात राहिलं. मी भेटायला गेले की एकदा तरी विषय निघायचा. “सुमे, ते आभाळाचं देऊळ दाव की गं एकदा.”

आम्ही निघायचं ठरवलं नाही असं नाही. एकदा ठरवलं तेव्हा कृष्णेचं पाणी देवळात शिरलेलं होतं. एकदा सीमेवर काहीतरी बिनसलं आणि दोन्हीकडच्या बसगाड्या बंद झाल्या. एकदा तिच्या सासरी मयत झालं. असं करता करता वर्षं गेली, आणि गेल्या दिवाळीनंतर आक्का जिन्यावरून पडली. डोळ्यांच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, काचबिंदू आहे, पुष्कळ पुढं गेलाय. यात नजर कडेकडेनं विझत येते आणि मधला गोल तेवढा राहतो. गेलेलं परत येत नाही. थेंब घालून उरलेलं जपायचं, तेही किती दिवस टिकेल ते सांगता येत नाही.

त्या दिवशी दवाखान्यातून बाहेर पडल्यावर मीच म्हणाले, “आक्का, आता खिद्रापूर.” आणि यंदा काहीही झालं तरी बेत मोडायचा नाही असं मनाशी ठरवून टाकलं.

गाडीत गर्दी होती. आमच्याकडं कर्नाटकात आता बायकांना बसचं तिकीट शून्याचं असतं, त्यामुळं बायका हिंडायला लागल्या आहेत. माझ्या शेजारची बाई संकेश्वरला नुसती भाचीचं बाळ बघायला निघाली होती आणि दुपारी परत येणार होती. पूर्वी एवढ्यासाठी कुणी घर सोडलं नसतं. कंडक्टर कन्नडमधून पुढं सरका म्हणत होता आणि आम्ही मराठीतून जागा नाही म्हणत होतो. दोन्ही बाजूंना सगळं कळत होतं.

तवंदीचा घाट उतरला की निपाणी डोळ्यांच्या आधी नाकाला कळते. हे दिवस तंबाखूचे. वखारींतून वाळल्या तंबाखूचा उग्र, गोडसर वास येत असतो आणि परक्या माणसाला लगेच शिंका सुरू होतात. मला येत नाहीत. मला त्या वासानं आक्काची आठवण येते, कारण तिच्या पदराला, केसांना, तिनं दिलेल्या लाडवालासुद्धा हाच वास असायचा.

आक्का उंबऱ्यात तयार बसली होती. ठेवणीतलं हिरवं इरकल नेसलेली, केसाला तेल लावलेलं. मी अगदी समोर जाऊन उभी राहिले तेव्हा तिनं मान इकडंतिकडं हलवत मला शोधलं आणि मग म्हणाली, “आलीस व्हय? किती वाळलीयास गं.”

“तुला अर्धीच दिसत असेन,” मी म्हणाले. ती मनापासून हसली.

आत चहा झाला. मी सवयीनं चुलीकडं पाहिलं. शेगडी पुसून लख्ख केलेली, तवा भिंतीला पालथा टेकवलेला. आक्का कुठंही निघाली की भाकऱ्यांची चवड बांधते. आज डब्यात दहीभात होता आणि दुसऱ्या डब्यात उकडलेल्या कुळथाच्या घुगऱ्या.

“भाकरी न्हाय केलीस?”

“दिसत न्हाय गं, हात भाजतोय,” ती म्हणाली. ते मला पटलं, आणि वाईटही वाटलं.

दारात बसूअण्णा व्हॅन घेऊन आले. शेजारच्याच गल्लीत राहतात, घरात कन्नड, गल्लीत मराठी, आणि गाडी चालवताना दोन्हीची मिसळ. मी पुढं होऊन त्यांना वाट सांगायला लागले. आधी दत्तवाडवरून खिद्रापूर, मग यडूर.

“आधी यडूर,” आक्का मागून म्हणाली.

“अगं, खिद्रापूरला सकाळचं ऊन—”

“आधी यडूर, सुमे. नंदीला भेटल्याबिगर देवाकडं जाऊ नये.”

असा काही नियम मी कधी ऐकला नव्हता. पण आक्कानं माझ्याजवळ आयुष्यात फार हट्ट केलेले नाहीत. बसूअण्णा आरशातून आम्हा दोघींकडं बघत होते. मी चडफडत ‘बरं’ म्हटलं.

“आयतु (ठरलं),” म्हणून त्यांनी गाडी काढली.

वाट फार सुंदर आहे. भोज, सदलगा, एकसंबा अशी गावं येतात, आणि मध्ये नुसता ऊस. काही फड तुटलेले, काही उभे. आंब्यांना मोहोर होता. पाट्या कन्नडमध्ये, दुकानातली बोलणी मराठीत, आणि गुऱ्हाळावरचं गाणं हिंदीत. मी आक्काला सांगत होते, हे बघ, ते बघ. मग लक्षात आलं, की मी ‘ते’ म्हणेपर्यंत तिची मान वळायची आणि मान वळेपर्यंत ते मागं गेलेलं असायचं. मी गप्प झाले. तीच म्हणाली, “सांग की. तू सांगितलंस की मला दिसतंय.” मग मी एकसंब्यापर्यंत बोलत राहिले.

यडूर वीरभद्राचं. तिथं लोक त्याच्यासाठी लांबून येतात. आम्ही त्याला नमस्कार करून नंदीकडं गेलो. गोष्ट अशी सांगतात, की खिद्रापूरच्या देवळात महादेव आहे पण नंदी नाही, आणि यडूरला नंदी आहे पण समोर महादेव नाही. मध्ये नदी, आणि आता मध्ये राज्याची हद्दसुद्धा. सती बापाच्या यज्ञाला निघाली तेव्हा महादेवानं नंदीला तिच्याबरोबर धाडलं. ती माघारी आली नाही. महादेव कोपला तो तिकडं कोपेश्वर झाला, आणि नंदी इकडंच राहिला.

काळ्या दगडाचा नंदी तेलानं गुळगुळीत झालेला होता. आक्कानं पुढं होऊन त्याच्या वशिंडावर हात ठेवला आणि हळूहळू मानेपर्यंत नेला, जनावराला गोंजारतात तसा. “म्हायेरला गेली बिचारी, आन् ह्यो हितंच अडकला,” ती म्हणाली.

मी घड्याळ बघितलं. ऊन अजून चांगलं होतं. “चल, आता बिगीबिगी.”

आक्का ओट्यावर बसली. सावकाश डबा सोडायला लागली. “बस की वाईच. जेवूया.”

“तिकडं जाऊन जेवू.”

“सुमे,” ती म्हणाली, “आज वार हाय.”

मला क्षणभर कळलंच नाही. मंगळवार आहे, मग? आणि मग एकदम सगळं ध्यानात आलं. पालथा तवा, दहीभात, आधी यडूर.

आमच्या गावच्या लक्ष्मीची यात्रा दरवर्षी नसते, बऱ्याच वर्षांनी भरते. ती यंदा आहे. यात्रेच्या आधी काही मंगळवार गाव ‘वार’ पाळतं. त्या दिवशी शेतात औत जात नाही, गिरणी बंद, चुलीवर तवा चढत नाही, आणि गावची माणसं शीव ओलांडत नाहीत. पुजारी देवीला गाऱ्हाणं घालून नारळ फोडतो, ढोल वाजतो, आणि मग वार सुटतो. हे मला ठाऊक होतं. भावानं, म्हणजे आप्पानं, फोनवर सांगितलंही होतं. पण मी शहरात राहते, मंगळवार म्हणजे दुकानाची सुट्टी एवढंच माझ्या डोक्यात. आणि आक्का तर चाळीसएक वर्षांपूर्वी त्या शिवेबाहेर पडलेली. तिनं वार पाळायचा तो कसला?

“तू अजून पाळतीस?”

“व्हय तर. लग्नात आईनं सांगितलेलं. म्हणाली, तितं तुझी शीव कुठली ते तुझं तुलाच कळायचं न्हाय, म्हणून नदीलाच शीव मान. आपल्या वाराला तवा घालू नको, आन् नदी ओलांडू नको. म्या न्हाय ओलांडली कवा.”

खिद्रापूर नदीपलीकडं होतं.

मी भडकले. फार भडकले. देवळाच्या ओट्यावर बसून भडकू नये, पण भडकले. “मग फोनवर तोंड का उघडलं न्हाईस? दुसरा दिवस बघितला असता.”

“तुला सुट्टी मंगळवारचीच. पुढल्या मंगळवारी बी वारच. मोडलेला बेत परत जुळतोय व्हय? किती डाव मोडला, तूच सांग.” ती शांतपणे घुगऱ्या वाढत होती. “दुपारच्याला वार सुटतोय. तवर हितं बसायचं, मग जायचं. मी समदं ठरवून आले.”

म्हणजे बेत तिनंही आखला होता, आणि माझ्या बेताच्या पोटात नीट बसवला होता. हे कळल्यावर मला हसू यायला हवं होतं. तेव्हा आलं नाही.

“दगडी देऊळ आहे गं ते. ऊन कललं की आत अंधार. तुला अंधारात काय दिसणार?”

“दिसंल ते दिसंल.”

“आणि न्हाय दिसलं तर?”

तिनं दहीभाताचा डबा माझ्यापुढं सरकवला. मी आवाज खाली आणला. “आक्का, कुणाला कळणार आहे? गाव इथून कुठल्या कुठं.”

“मला कळंल की,” ती म्हणाली. “निपाणीत मला अजून बेळगावची म्हणत्यात. गावात गेलं की निपाणीची आली म्हणत्यात. माझं आसं तितं काय ऱ्हायलंय? ना घर, ना रान. ह्यो वार तेवढा माझा हाय, सुमे. त्यो मोडला की मी कुठलीच न्हाय.”

मी दहीभात खाल्ला. चांगला होता.

जेवण झाल्यावर मी आप्पाला फोन लावला. वार कधी सुटतोय म्हणून विचारलं.

“पुजारी आला न्हाय अजून,” आप्पा म्हणाला. “त्यो मच्छ्याच्या कारखान्यात हाय न्हवं का? नोकरीवाल्यास्नी आता शिवेची माफी हाय. त्याची पाळी सुटली की येतोय. पयलं दुपारलाच व्हायचं, आता त्याच्या पाळीवर हाय. का गं?”

मी आक्काला सांगितलं. तिचा चेहरा पहिल्यांदा उतरला. तिचा सगळा हिशेब दुपारचा होता. देवीचं गाऱ्हाणं कारखान्याच्या भोंग्यावर गेलंय हे तिला कोण सांगणार? तिनं पदर सावरला, नंदीकडं तोंड केलं आणि बसून राहिली. तिला त्याचं काय दिसत होतं कोण जाणे. एखादं शिंग, एखादा डोळा.

ती दुपार मी विसरणार नाही. बसूअण्णा व्हॅनमध्ये पाय बाहेर काढून झोपले. लांब कुठंतरी ऊसतोडणीच्या माणसांचे आवाज येत होते. सावल्या लांबत होत्या आणि मी दर सावलीगणिक घड्याळ बघत होते. इतक्या वर्षांची तिची इच्छा, एवढीशी उरलेली नजर, आणि ती नजर आम्ही एका पुजाऱ्याच्या पाळीसाठी ओट्यावर वाया घालवत होतो. आणि तरी मला असंही वाटत होतं, की आपल्याला असं कुठल्याच गोष्टीला धरून बसता येत नाही. मला आमचं गाव आठवलं. वाराच्या दिवशी औत नसल्यामुळं बैल गोठ्यात बसलेले असायचे आणि गावात एक वेगळीच शांतता असायची. ती शांतता मी किती वर्षं ऐकलेली नाही. आक्का मात्र ती निपाणीत बसून, बिड्या वळत, पाळत आली होती.

“सतीला बोलावणं न्हवतं म्हणं,” आक्का मध्येच म्हणाली. “तरी गेली.”

“हं.”

“न बोलवता जाऊ नये बघ. किती बी जीव तुटला तरी.”

तिला यात्रेचं आवतण अजून आलं नव्हतं, हे मला तेव्हा समजलं.

फोन वाजला. आप्पा होता. मागं इतका गलका, की त्याला ओरडून बोलावं लागत होतं. “गाऱ्हाणं झालं बघ! आक्काला दे, आक्काला दे!” मी फोन आक्काच्या कानाला लावला. ढोल मलासुद्धा ऐकू येत होता. आक्का डोळे मिटून ऐकत राहिली. मग म्हणाली, “आप्पा, ह्यो वाजवतोय कोण रं? ह्यो म्हाताऱ्याचा हात न्हवं.”

“म्हातारा गेला की गं. त्याचा नातू हाय. बरं ऐक, यात्रंला तुला न्यायला येतोय मी. यात्रंच्या आदल्या सोमवारीच येतोय. पिशवी भरून ठेव!”

“व्हय,” आक्का म्हणाली. एवढंच. तिनं फोन माझ्याकडं दिला. पदरानं डोळे पुसले, तेही जपून, औषधाचे थेंब पुसले जातील अशा भीतीनं पुसावेत तसे.

“चल आता,” ती म्हणाली. “किती येळ बसवून ठेवलंस मला!”

मलिकवाडच्या पुढं दूधगंगेवर बंधारा आहे. त्यावरून पलीकडं गेलं की दत्तवाड, म्हणजे महाराष्ट्र. आमचं नशीब असं, की उसाचा एक ट्रॅक्टर समोरून येऊन बंधाऱ्याच्या तोंडाशी अडकला होता. मी खाली उतरून ट्रॅक्टरवाल्याशी भांडले. त्यानं फार आदरानं सांगितलं, “मावशी, तुमी भांडल्यानं चाक निघत न्हाय.” बसूअण्णा मला ‘निधान, निधान (सावकाश)’ म्हणत होते. शेवटी त्यांनी आणि आणखी दोघांनी दगड लावून, ढकलून चाक काढलं. आमची व्हॅन बंधाऱ्यावर चढली तेव्हा आक्कानं खिडकीतून पाण्याला हात जोडले.

खिद्रापूरला पोचलो तेव्हा ऊन पिवळं झालं होतं. देऊळ बाहेरून बघताना माणसाची पावलं आपोआप मंदावतात. खाली रांगेनं हत्ती आहेत, सगळं देऊळ पाठीवर घेतलेले. त्यांच्या वर देव, यक्षिणी, वेली. भिंतीवर जुन्या कन्नडातले लेख आहेत, आणि एक देवनागरीतलाही. ज्यांच्यावरून आपण आज पाट्यांची भांडणं करतो त्या लिप्या तिथं एकाच देवळावर निवांत आहेत. मी आक्काचा हात धरून हत्तींवरून नेला. “ह्याची सोंड मोडलीया,” ती बोटांनी बघत म्हणाली. “ह्याची बी. सोंडंत काय हुतं रं तुझ्या, सोनं?”

“आत चल, उजेड जातोय,” मी म्हणत होते.

आत शिरताच पहिला येतो तो स्वर्गमंडप, तेच ते आभाळाचं भोक. मी थांबणार होते. पण आक्का म्हणाली, “आधी देव.” म्हणून आम्ही तसेच पुढं गेलो. आतल्या मंडपात अंधार दाटला होता. खांब इतके गुळगुळीत, की माझा चेहरा त्यात पुसट दिसत होता. आक्का उंबऱ्याला अडखळली, मग खांबाला खांद्यानं धडकली. गाभाऱ्यात दोन लिंगं आहेत. एक कोपेश्वर, आणि दुसरा त्याची समजूत घालायला आलेला विष्णू. मी तिला ते सांगत होते आणि ती समोर बघत होती.

“दिसतंय का गं?”

“ज्योत दिसतीया,” ती म्हणाली. “बाकी न्हाय.”

एवढं करून एक ज्योत. ती तर घरच्या देव्हाऱ्यातसुद्धा होती. नंदीपाशी घालवलेली ती सगळी दुपार मला डोळ्यांसमोर दिसायला लागली आणि स्वतःचाच राग आला. मी तिला ओढत तरी न्यायला हवं होतं. ती माझा हात धरून हळूहळू मागं वळली.

बाहेर स्वर्गमंडपात आलो. मध्ये जमिनीवर एक मोठी गोल शिळा आहे, छतातल्या भोकाच्या बरोबर खाली. मी आक्काला तिच्यावर उभं केलं. भोवतीच्या खांबांमध्ये काळोख शिरत होता, पण वरचं आभाळ अजून उजळ होतं, संध्याकाळचं फिकट निळं.

“वर बघ, आक्का.”

तिनं मान वर केली. डावीकडं नाही वळली, उजवीकडं नाही वळली. दिवसभरात पहिल्यांदा तिची मान काही शोधत नव्हती. मी तिच्या पाठीला हात लावून उभी होते.

“सुमे,” ती म्हणाली, “कडंला काय हाय?”

“खांब आहेत. मूर्ती आहेत. छत आहे.”

“तुला ते समदं दिसतंय व्हय?”

“हो.”

“मला न्हाय दिसत. मला नुस्तं आभाळ दिसतंय. ह्या काठापासनं त्या काठापतोर. आख्खं.” तिचा आवाज बारीक झाला होता. “ताट बघाय गेलं तर वाटी सुटतीया. तुझं तोंड बघाय गेलं तर कान सुटतोय. ह्यातलं कायबी सुटलं न्हाय गं. माझ्याच मापाचं काढलंय की ह्येनी.”

मी रडले. ती नाही. ती मान वर करून, तोंड किंचित उघडं टाकून बघत राहिली. एक पाखरू त्या गोलातून गेलं. तेही तिला दिसलं, कारण तिनं “गेलं” म्हटलं.

बसूअण्णांनी बाहेरून हाक मारली, “बर्री अक्का (या हो आक्का), उशीर होतोय.” आक्का जागची हलली नाही. तेही मग आत आले, आमच्याजवळ उभे राहिले आणि वर बघायला लागले. देवळाच्या माणसानं येऊन निघायला सांगेपर्यंत आम्ही तिघंही तिथंच होतो.

निपाणीत आक्काला घरी सोडलं. तिनं उंबऱ्यातच सांगितलं, “सुटला वार, आता तवा घालते, भाकरी खाऊन जा.” पण माझी गाडी लागली होती. निघताना तिनं माझा चेहरा दोन्ही हातांत धरला आणि मान हलवत हलवत तुकड्यातुकड्यानं बघून घेतला. कपाळ, मग नाक, मग हनुवटी.

बेळगावच्या गाडीत खिडकीशी बसले. घाट चढताना काय मनात आलं, मी हाताची मूठ पोकळ केली आणि एका डोळ्याला लावली, दुसरा मिटला. कंडक्टर दिसला, पण त्याचे हात गेले. पुढच्या बाईच्या मांडीवरचं मूल दिसलं, पण बाई गेली. रस्त्याकडेला दिवा लागलेलं एक घर आलं आणि त्याचं फक्त दार राहिलं. मूठ काढली की सगळं परत जागच्या जागी. मग पुन्हा लावायची, पुन्हा काढायची. शेजारची बाई माझ्याकडं विचित्र नजरेनं बघायला लागली तेव्हा मी थांबले. मला मूठ काढता येत होती. आक्काला येत नाही.

घरी पोचले. नवऱ्यानं विचारलं, “झाला का तुझा बेत? कसं आहे देऊळ?” मला कुठून सुरुवात करावी ते कळेना. चप्पल काढली, पाणी प्याले, आणि म्हणाले, “येत्या मंगळवारी आपल्याकडं तवा चढणार नाही. दहीभात खावा लागेल.”

“का? आता कसलं नवीन?”

“नवीन नाही,” मी म्हणाले. “आमच्या गावचा वार आहे.”